अँटेना आत घेताना

विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीतून बाहेर आलेली काळी बारीक केबल आणि तिच्या टोकाला चुंबकाने पत्र्यावर बसवलेली वीतभर दांडी वाशी तालुक्यात आता कुणाला नवी नाही. शेतीची लाइट कधी दिवसा येते, कधी रात्री. थंडीत विंचूकाट्यातून रानात जाऊन मोटार चालू करण्यापेक्षा घरून फोन लावलेला केव्हाही बरा, म्हणून सिमकार्ड घातलेला मोबाइल स्टार्टर आला. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ बनवून मोबाइलवरून मोटार चालवता येते हे शेतकऱ्याला दाखवून दिले, आणि त्या धर्तीची उपकरणे आज तालुक्याच्या गावीही मिळतात. मागोमाग मातीतला ओलावा मोजणाऱ्या डब्या आल्या, टाकीची पातळी सांगणारे सेन्सर आले, गोठ्यावर आणि शेततळ्यावर नजर ठेवणारे छोटे कॅमेरे आले. या प्रत्येकात पोस्टाच्या तिकिटाएवढे किंवा त्याहूनही लहान वायरलेस मॉड्यूल असते आणि त्याला अँटेना लागतोच.

दोन-तीन पावसाळे गेले की दांडीचे हाल सुरू होतात. केबल उंदीर कुरतडतात, उन्हाने तिचे प्लास्टिक तडकते, कनेक्टरवर हिरवा गंज चढतो. दांडीसाठी पेटीला पाडलेल्या भोकातून पाणी आत उतरते आणि अँटेना राहतो बाजूला, अख्खा बोर्डच खराब होतो. वानरांचा त्रास असलेल्या रानात दांडी टिकतच नाही. मग दुरुस्तीला बसलेला मुलगा सांगतो, “या मॉड्यूलला आतला अँटेना आहे, तोच चालू करून टाकू.” या पुस्तिकेचा विषय त्याच्या या एका वाक्याएवढाच आहे. बाहेरचा अँटेना सोडून आतला घ्यायचा तर नेमके काय करावे लागते, ते कुठे साधते, कुठे अंगाशी येते आणि साधले की नाही हे कसे ओळखायचे, एवढे तिच्यात आहे.

माझे म्हणणे आधीच सांगतो. बाहेरच्या अँटेनाची जागा तुम्ही स्वतः ठरवता. मॉड्यूल पेटीत, पेटी खोलीत, आणि अँटेना छपरावर किंवा खांबावर, अशी वाटणी करता येते. अँटेना आत घेतला की ही वाटणी संपते. पेटीचे झाकण, बॅटरी, बोर्डातला तांब्याचा थर, मागची भिंत, समोरचे पीक या सगळ्यांचा त्या अँटेनाच्या कामात हात लागतो. म्हणून बदल टेबलावर झाला तरी त्याचा निकाल रानातच लागतो. ज्यांनी टेबलावर चाचणी घेतली आणि पेटी रानात नेऊन बसवली, त्यांच्याकडून “इथे चालत होते, तिथे रेंज धरत नाही” ही तक्रार हमखास येते. त्यात मॉड्यूलचा दोष क्वचितच असतो.

अँटेना घराच्या छपरावरून उपकरणाच्या पोटात जाण्याची गोष्ट तशी जुनी आहे. व्हॉल्व्हच्या रेडिओला भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणलेली तांब्याची जाळी लागायची, नाहीतर छपरावर तार बांधावी लागायची. ट्रान्झिस्टर आला आणि ती तार गेली. त्याच्या पोटात काळ्या फेराइटची कांडी असते आणि तिच्यावर बारीक तार गुंडाळलेली असते. मीडियम वेव्हचा अँटेना तोच. परभणी केंद्र १३०५ किलोहर्ट्‌झवर, म्हणजे त्याची लहर २३० मीटर लांब, आणि ती धरणारी कांडी बोटभर. जुनी माणसे रेडिओ हातात घेऊन हळूहळू फिरवत आणि आवाज स्वच्छ झाला की तो तसाच ठेवत. कांडी केंद्राच्या दिशेला आडवी आली की सर्वाधिक ऐकू येते आणि तिचे टोक केंद्राकडे झाले की आवाज बसतो, हे त्यांना अनुभवाने माहीत होते. आतल्या अँटेनालाही दिशा असते, हा धडा आपल्या घरांनी तेव्हाच घेतलेला आहे.

मात्र त्या कांडीच्या उदाहरणाने एक फसगतही होते. बोटभर कांडी २३० मीटरची लहर धरते, तर आमच्या डबीतला अँटेना १२ सेंटिमीटरची लहर का धरणार नाही, असे कुणालाही वाटेल. फरक असा की मीडियम वेव्हला आकाशातली विजेची खरखरच इतकी मोठी असते की अँटेना कितीही दुबळा असला तरी केंद्राचा आवाज आणि खरखर दोन्ही सारखेच लहान होतात, आणि पुढे रेडिओ दोन्ही सारखेच वाढवतो. त्यामुळे दुबळेपणा खपून जातो. शिवाय ट्रान्झिस्टर फक्त ऐकतो. आपल्या मॉड्यूलला ऐकायचेही असते आणि बोलायचेही असते. त्याच्या पट्ट्यात आकाशातली खरखर फारशी नसते, त्यामुळे अँटेनाने गमावलेला प्रत्येक अंश दोन्ही बाजूंनी भरावा लागतो.

मोबाइल फोनचेही असेच झाले. सुरुवातीच्या फोनमधून ओढून बाहेर काढायची दांडी असे. १९९९ चा नोकिया ३२१० बिनदांडीचा आला, लाखोंनी खपला, आणि त्यानंतर दांडी मागे पडत गेली. २०१० साली आयफोन ४ मध्ये बाहेरची पोलादी चौकटच अँटेना म्हणून वापरली होती. फोन डाव्या हातात विशिष्ट प्रकारे धरला की तळव्याने चौकटीतली फट झाकली जाई आणि रेंज घसरे. शेवटी कंपनीला फोनभोवती घालायचे रबरी कडे फुकट द्यावे लागले. जगातल्या उत्तम प्रयोगशाळा हाताशी असणाऱ्यांनाही हात अँटेनाचा भाग होतो हे एवढे महागात पडले. आपण तर पत्र्याच्या पेटीत, विहिरीच्या काठावर काम करतो.

थोडे गणित हवेच, आणि ते सोपे आहे. ३०० ला मेगाहर्ट्‌झने भागले की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. वाय-फाय आणि ब्लूटूथ २४५० मेगाहर्ट्‌झच्या आसपास, म्हणजे लहर १२ सेंटिमीटर आणि तिचा चौथा हिस्सा ३ सेंटिमीटर. सिमकार्डाच्या फोर-जीला आपल्याकडे ८५०, ९००, १८००, २३०० असे वेगवेगळे पट्टे आहेत. ८५० ची लहर ३५ सेंटिमीटर, तिचा चौथा हिस्सा जवळपास ९ सेंटिमीटर. लोरा या लांब पल्ल्याच्या, कमी शक्तीच्या पद्धतीचा आपल्याकडचा पट्टा ८६५ पासून सुरू होतो, त्याचेही माप तेवढेच. चौथा हिस्सा लांबीची तार आणि तिच्या पायाशी पुरेसा मोठा धातूचा पृष्ठभाग, हा साध्या अँटेनाचा पाया. २.४ गिगाहर्ट्‌झला ३ सेंटिमीटर तार नागमोडी वळवून बोर्डाच्या एका टोकाला सहज बसते, म्हणून तिथे आतला अँटेना चांगला जमतो. ८५० ला मात्र ९ सेंटिमीटर तार आणि तिला जोडीचा तांब्याचा थर अंगठ्याएवढ्या बोर्डावर बसवायचा म्हणजे ओढाताण होते. अँटेना लहरीच्या मानाने लहान करत गेले की त्याची कार्यक्षमता किंवा पट्ट्याची रुंदी यांपैकी काहीतरी सोडावे लागते. हे हॅरॉल्ड व्हीलर यांनी १९४७ साली आणि एल. जे. चू यांनी १९४८ साली गणिताने मांडले आणि त्यातून आजवर कुणाची सुटका झालेली नाही. ओलाव्याच्या डबीतले वाय-फाय आणि स्टार्टरमधले सिमकार्ड या दोघांना एकच सल्ला देता येत नाही, तो यामुळे.

अँटेनाचे माप एकट्या लहरीने ठरत नाही. जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिथे टिपल्या जाणाऱ्या काही लहरी जवळपास आपल्या लोराच्या लहरींएवढ्याच लांबीच्या असतात. लहर तेवढीच, पण तिथे ती दूरच्या दीर्घिकांमधून आलेली असते, म्हणून तबकडी एवढी मोठी. आपल्याला टॉवर गाठायचा असतो, फार तर दोन-चार किलोमीटरवरचा. अँटेना केवढा हवा हे लहर आणि अंतर दोघे मिळून ठरवतात. टॉवर गावातच असेल तर आतल्या अँटेनाचा दुबळेपणा जाणवतही नाही. बालाघाटाच्या एखाद्या खोलगट भागात, टेकाडाच्या मागे विहीर असेल तर बाहेरचा अँटेनाही मुश्किलीने पुरतो, आणि तिथे आतल्याचा विचार करण्यात अर्थ नाही.

आता प्रत्यक्ष बदलाकडे येऊ. ‘आतला अँटेना चालू करणे’ हे एकच काम नाही. मॉड्यूलप्रमाणे ते बदलते, आणि सगळा गोंधळ इथेच होतो.

काही मॉड्यूलांत ते शक्यच नसते. ईएसपी३२ या वाय-फाय मॉड्यूलचे ‘वरूम-३२डी’ आणि ‘वरूम-३२यू’ हे दोन भाऊ बघा. ‘डी’च्या एका टोकाला बोर्डावरच तांब्याची नागमोडी रेघ छापलेली आहे, ती त्याचा अँटेना. ‘यू’च्या टोकाला ती रेघ नाही, तिथे फक्त गोल, बारीक कनेक्टर आहे. ‘यू’ला आतला अँटेना नाहीच, तर चालू काय करणार? मॉड्यूलच बदलावे लागते. दोघांचे पाय सारखे असल्याने बदलता येते, पण ‘डी’ थोडा लांब आहे आणि त्याची ती लांबी बोर्डाच्या काठाबाहेर किंवा मोकळ्या जागेत गेली पाहिजे. जुन्या बोर्डावर तेवढी जागा नसेल तर अँटेना तांब्यावर झोपतो आणि बदल वाया जातो. म्हणून पहिले काम म्हणजे भिंगाखाली मॉड्यूल धरून त्यावर नागमोडी रेघ किंवा सिरॅमिकची छोटी आयताकृती चिप आहे का ते पाहणे.

दुसऱ्या प्रकारात दोन्ही अँटेनांची सोय असते आणि मध्ये शून्य ओहमचा एक रेझिस्टर वाट ठरवतो. कॅमेऱ्याचे स्वस्त ईएसपी३२-कॅम बोर्ड याच जातीचे. कनेक्टरच्या शेजारी तीन छोटे सोल्डरचे ठिपके असतात. मधल्यावर मॉड्यूलची वाट येते. एका बाजूने ती कनेक्टरकडे जाते, दुसऱ्या बाजूने छापील अँटेनाकडे. रेझिस्टर जिकडे बसवलेला असेल तिकडे वाट खुली. हा रेझिस्टर तांदळाच्या कणीहून लहान असतो. तो उचलताना दोन्ही टोके एकदम तापली पाहिजेत, नाहीतर ठिपका बोर्डावरून सुटून येतो आणि मग तो बोर्ड कामातून गेला. टोकदार सोल्डरिंग आयर्न, थोडा ताजा सोल्डर आणि फ्लक्स, चिमटा आणि भिंग एवढे पुरते. रेझिस्टर हरवला तर त्या दोन ठिपक्यांवर सोल्डरचा छोटा पूल टाकला तरी चालते, पण पूल तिसऱ्या ठिपक्याला लागता कामा नये. दोन्ही वाटा एकाच वेळी खुल्या राहिल्या तर शक्ती दोघांत विभागली जाते, जुळणी बिघडते आणि कोणताच अँटेना धड चालत नाही. काम झाल्यावर मल्टिमीटरने मधला ठिपका आतल्या बाजूला जोडला गेला आहे आणि बाहेरच्या बाजूपासून तुटला आहे, हे दोन्ही तपासा. मी हे मुद्दाम सांगतो, कारण जोडणी सगळे तपासतात, तुटणी फारसे कुणी तपासत नाही.

तिसऱ्या प्रकारात सोल्डर लागत नाही, आज्ञा द्यावी लागते. रास्पबेरी पायचे कंप्यूट मॉड्यूल ४ हे त्याचे चांगले उदाहरण. कारखान्यातून ते आतल्या अँटेनावरच येते. कुणी आधी कॉन्फिग फाइलमध्ये बाहेरच्या अँटेनाची ओळ लिहिली असेल तर ती काढावी लागते किंवा आतल्याची लिहावी लागते, आणि निवड सुरू होतानाच होत असल्याने मॉड्यूल बंद करून पुन्हा चालू करावे लागते. चालू असताना ओळ बदलून ‘काही फरक पडला नाही’ म्हणणारे यामुळेच भेटतात. सीड कंपनीच्या शाओ ईएसपी३२सी६ मध्ये बोर्डावरच इलेक्ट्रॉनिक स्विच आहे. प्रोग्रॅममधून ठरावीक पायांवर शून्य किंवा एक दिले की वाट बदलते. इथे धोका असा की प्रोग्रॅम नव्याने भरताना ती ओळ राहून गेली तर मॉड्यूल आपोआप मूळ निवडीवर जाते. बाहेरचा अँटेना लावलेल्या डबीत ही चूक लवकर लक्षात येत नाही, कारण जवळच्या जवळ सगळे चालते.

सिमच्या मॉड्यूलांचा प्रकार चौथा, आणि वाशीत सर्वांत जास्त काम याच्याशी पडते. बहुतेक सिम मॉड्यूलांच्या पोटात अँटेना नसतोच. असतो तो एक ठिपका किंवा कनेक्टर. ‘आतला’ म्हणजे पेटीच्या आत ठेवायचा वेगळा अँटेना, स्प्रिंगसारखी गुंडाळी किंवा चिकटवायची लवचिक पट्टी. एसआयएम८००एल या छोट्या लाल बोर्डावर स्प्रिंग सोल्डर करायची जागाही असते आणि केबलचे कनेक्टरही. दोन्ही आतून एकाच वाटेवर आहेत, त्यामुळे स्प्रिंग लावायची तर केबल काढलीच पाहिजे. रिकामी लोंबणारी केबलही घातक ठरते, तीही त्या वाटेला धरून राहते.

कनेक्टरविषयी एक सांगायचे राहिले. यू-एफएल नावाने ओळखले जाणारे हे गोल कनेक्टर ३० वेळा लावण्या-काढण्यापुरतेच बनवलेले असतात. हिरोसे या मूळ जपानी कंपनीने तेवढीच हमी दिलेली आहे. दरवेळी ‘बघू बरे’ म्हणत उपसले तर ते ढिले होतात आणि दोष अँटेनाच्या माथी जातो. काढताना केबल ओढू नका, कनेक्टरच्या कडेखाली पातळ हत्यार घालून सरळ वर उचला.

आता पेटी. इथे मी जास्त रेंगाळणार आहे, कारण इथेच सगळे बिघडते.

स्टार्टरची पेटी पत्र्याची असते. तिच्यात संपर्कक, ओव्हरलोड रिले, तीन फेजच्या जाड वायरी आणि कोपऱ्यात मोबाइल स्टार्टरचा बोर्ड. दांडी बाहेर होती तोवर पत्र्याचा फायदाच होता. चुंबकाच्या पायाखालचा पत्रा अँटेनाला आवश्यक असलेला धातूचा पृष्ठभाग देत होता. अँटेना आत घेऊन झाकण लावले की मॉड्यूल बंद डब्यात बसते. लहर झाकणाच्या फटीतून आणि वायरींच्या भोकांतून जेवढी झिरपेल तेवढीच. टॉवर जवळ असेल तर तेवढ्यावरही फोन लागतो आणि सगळे खूश होतात. मग एक दिवस झाकणाचा गंजलेला बोल्ट नवा घातला जातो, झाकण घट्ट बसते आणि स्टार्टर ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ जातो. मोटार जुनी, सिम जुने, मॉड्यूल जुने. बदलला तो बोल्ट. पत्र्याच्या पेटीत आतला अँटेना घेऊ नये, हे मी कुठल्याही पुरवणीशिवाय सांगतो. घ्यायचाच असेल तर मोबाइलचा बोर्ड पत्र्याबाहेर, वेगळ्या प्लास्टिकच्या बंद डबीत आणा आणि डबी पेटीपासून हातभर तरी दूर लावा. मधल्या वायरी वीज आणि रिलेपुरत्या, त्या लांब असल्या तरी काही बिघडत नाही.

आणखी एक लक्षण असे की बोर्ड मधूनच स्वतः बंद होऊन चालू होतो. टू-जीचे मॉड्यूल ९०० च्या पट्ट्यात २ वॉटपर्यंत शक्तीचे झटके देते आणि त्या क्षणी दोन अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढते. जुना रेडिओ शेजारी असेल तर फोन येण्याआधी त्यात जो ‘तिट्‌तिट्‌तिट्‌’ आवाज येतो तो याच झटक्यांचा. अँटेना बोर्डाला खेटून बसला की ही शक्ती बोर्डाच्याच वायरींत शिरते. ओलाव्याचे आकडे उड्या मारतात, रिले थरथरतो, प्रोसेसर गोंधळतो. टॉवर दूर असेल तर मॉड्यूल आणखी जोराने बोलते आणि त्रास वाढतो. सेन्सर खराब झाला म्हणून दोन-दोनदा सेन्सर बदललेल्या डब्या माझ्या पाहण्यात आहेत. दोष आत घेतलेल्या अँटेनाचा होता.

प्लास्टिकच्या डबीतही पथ्ये आहेत. छापील अँटेनाच्या सर्व बाजूंनी किमान १५ मिलिमीटर जागा मोकळी ठेवा, असे ईएसपी३२ बनवणारी एस्प्रेसिफ कंपनी सांगते. त्या जागेत तांबे नको, स्क्रू नको, वायरींचा गुंडाळा नको. ओलाव्याच्या डबीत १८६५० ची गोल बॅटरी असते, तिचे आवरण धातूचे. जागा वाचवायला ती नेमकी नागमोडी रेघेच्या पाठीशी चिकटवली जाते. तिला डबीच्या दुसऱ्या टोकाला न्या. वर सौर पॅनेल असेल तर अँटेना त्याच्या सावलीत येऊ देऊ नका. पाणी जाऊ नये म्हणून बोर्डावर रेझिन ओतण्याची पद्धत आहे, पण अँटेनावर रेझिन पडले की त्याची जुळणी खालच्या मेगाहर्ट्‌झकडे सरकते आणि अँटेना आपल्या पट्ट्यातून बाहेर पडतो. तेवढा भाग मोकळा ठेवून बाकी बोर्ड झाका. डबीला चंदेरी रंग देऊ नका. त्या रंगात बहुधा ॲल्युमिनियमची भुकटी असते.

भिंतीही पाहिल्या पाहिजेत. या भागातल्या जुन्या घरांच्या दगडमातीच्या भिंती दोन-अडीच फूट जाड आणि वर मातीचे धाबे. अशा खोलीत राउटर ठेवून गोठ्यातल्या आतल्या अँटेनाच्या कॅमेऱ्याशी बोलणे पावसाळ्यात अवघड होते, कारण ओली माती २.४ गिगाहर्ट्‌झची लहर मोठ्या प्रमाणात शोषते. पीकही तेच करते. सोयाबीन गुडघ्याएवढे असताना धरलेली रेंज ज्वारी डोक्यावर गेली की नाहीशी होते. लहरीला दोन टोकांमधली सरळ रेघ मोकळी असून भागत नाही, तिच्याभोवती थोडी जाडीही मोकळी लागते. २.४ गिगाहर्ट्‌झला २०० मीटर अंतरावर ही जाडी मध्यभागी अडीच मीटर त्रिज्येची होते, आणि लोराला एक किलोमीटरवर नऊ मीटरच्या पुढे जाते. बाहेरचा अँटेना निदान खांबावर चढवता येतो. आतल्याला चढवायचे तर अख्खी डबी चढवावी लागते, मग ओलाव्याची कांडी मातीत आणि डबी बांबूवर, अशी लांब वायरीची मांडणी करावी लागते. माझ्या मते तशी करावी. त्यात काही कमीपणा नाही, आणि फवारणीवाल्याचा पायही डबीवर पडत नाही.

एवढे वाचून आतला अँटेना नकोच असे वाटेल, तर तसेही नाही. बाहेरच्या अँटेनाची केबलही शक्ती खाते. आरजी-१७४ ही बारीक काळी केबल तीन मीटर लावली तर २.४ गिगाहर्ट्‌झची जवळपास तीन-चतुर्थांश शक्ती वाटेतच जिरते, म्हणजे मोकळ्या रानातले अंतर अर्ध्यावर येते. गंजलेला कनेक्टर त्यात आणखी भर घालतो. योग्य डबीत, योग्य उंचीवर बसवलेला छापील अँटेना अशा थकलेल्या दांडीला सहज मागे टाकतो. शिवाय डबीला भोक राहत नाही, आणि आपल्या पावसात हा फायदा मोठा आहे. विहिरीपासून पन्नास पावलांवर राउटर असेल, टाकी घराच्या छपरावर असेल, ब्लूटूथने जवळ उभे राहून आकडे वाचायचे असतील, तर आतलाच घ्या. भूम-वाशीकडच्या खव्याच्या धंद्यात शीतपेटीचे तापमान पाहायला मॉड्यूल लावायचे असेल तर तापमानाची कांडी पेटीत आणि आतल्या अँटेनाची डबी बाहेर भिंतीवर, हे उत्तम जमते.

चाचणीसाठी महागडे यंत्र लागत नाही. मॉड्यूल स्वतःच ऐकू आलेली शक्ती डीबीएममध्ये सांगते. आकडा उणे असतो. उणे ६० चांगला, उणे ७५ कामापुरता, उणे ९० ला वाय-फाय तुटायला लागते. बाहेरचा अँटेना काढण्याआधी, पेटी जिथे बसायची तिथेच, झाकण लावून, आकडे लिहून घ्या. मग बदल करून त्याच जागी, त्याच उंचीवर, तसेच झाकण लावून पुन्हा घ्या. एका आकड्यावर भरवसा नको, दोन-तीन मिनिटांतले पुष्कळ आकडे घेऊन मधला धरा. फरक ३ डेसिबलचा असेल तर शक्ती निम्मी झाली, ६ चा असेल तर चौथाई उरली. बदलानंतरही तुमच्या गरजेपेक्षा १०-१५ डेसिबल शिल्लक राहत असतील तरच दांडीला रजा द्या, कारण पीक वाढायचे आहे आणि पाऊस यायचा आहे. डबी उभी, आडवी, कुशीवर अशी तिन्ही प्रकारे ठेवून पाहा. दांडी उभी असते, समोरच्याची दांडीही उभी असते, त्यामुळे त्यांचे जमते. छापील अँटेना आडवा पडला की लहरीचा कल बदलतो आणि फुकटचे नुकसान होते. डबी फिरवण्याला खर्च काहीच नाही. पत्रकात छापलेल्या आकड्यांवरून मात्र निवड करू नका. छापील अँटेनाचा आणि दांडीचा वाढावा (गेन) कागदावर दोन डेसिबलच्या आसपास सारखाच दिसतो, पण तो आकडा बनवणाऱ्याच्या स्वतःच्या बोर्डावर, मोकळ्या खोलीत, सर्वांत चांगल्या दिशेला मोजलेला असतो.

कायद्याचा भाग थोडक्यात. २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्‌झ आणि ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झ हे पट्टे भारत सरकारने २००५ साली ठरावीक शक्तीच्या मर्यादेत परवान्याविना खुले केले. ८६५ च्या पट्ट्याची कड पुढे आणखी वाढवली. शक्तीची मर्यादा अँटेनाच्या वाढाव्यासह मोजली जाते. बाहेरून आतल्याकडे जाताना ती ओलांडली जाण्याची भीती नाही, उलट दिशेने जाताना, विशेषतः मोठा दिशादर्शी अँटेना लावताना आहे. मॉड्यूलची मान्यता ज्या अँटेनासह घेतलेली असते त्याच जातीचा अँटेना ठेवावा, विकायच्या उपकरणात तर नक्कीच.

ही पुस्तिका आयटीआयच्या मुलांसाठी, मोटारी आणि स्टार्टर दुरुस्त करणाऱ्यांसाठी आणि स्वतःच्या रानात स्वतः डबी बसवणाऱ्या शेतकऱ्यांसाठी आहे. आमच्या भागातली मुले मॉड्यूलचा प्रोग्रॅम झटक्यात लिहितात, रिले जोडतात, फोनवर आकडे आणून दाखवतात. अँटेनापाशी आली की मात्र ‘लागला तर लागला’ म्हणतात, कारण तो त्यांना कुणी शिकवलेलाच नसतो. लाइट रात्री अकराला येणार आणि पीक वाळत चाललेले, अशा वेळी मोटार फोनवर चालू झाली नाही तर त्या घरातल्या कुणाला तरी अंधारात जावे लागते. म्हणून या विषयावर इतके बारकाईने लिहावेसे वाटले.

पुढच्या पानांत चारही प्रकारच्या मॉड्यूलांची ओळख, रेझिस्टर हलवण्याच्या पायऱ्या, डबीतली मांडणी आणि चाचणीचा तक्ता क्रमाने दिला आहे. सुरुवात करण्याआधी एक सवय लावून घ्या. झाकणाच्या आतल्या बाजूला न पुसल्या जाणाऱ्या शाईने लिहा: अँटेना आतला की बाहेरचा, बदल रेझिस्टरने केला की प्रोग्रॅमने, तारीख, आणि त्या दिवशी त्या जागी मिळालेला डीबीएमचा आकडा. दोन वर्षांनी ती पेटी उघडणारा दुसराच कुणी असेल, आणि त्याला दांडी का नाही ते तिथेच कळेल.